कोलते कोण होते? ‘पाहोल’ वापरताना उमगलेला मलकापूरचा संशोधक

आमच्या मलकापुरात इंजिनिअरिंग कॉलेजचं पूर्ण नाव आहे पद्मश्री डॉ. व्ही. बी. कोलते कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. हे कोलते म्हणजे कुणी मोठे इंजिनिअर असतील, असंच मला बरीच वर्षं वाटायचं. नंतर कळलं, ते मराठीचे प्राध्यापक होते! आणि त्यांनी नेमकं काय केलं हे मला खरं समजलं ते ‘पाहोल’ नावाच्या एका कमांड-लाइन टूलमुळे. म्हणून आज दोघांची ओळख एकत्रच करून देतो.

नरवेलचा मुलगा

विष्णू भिकाजी कोलते यांचा जन्म २२ जून १९०८ रोजी नरवेलला झाला. हे गाव आमच्याच मलकापूर तालुक्यातलं. पुढे ते नागपूरला गेले, मराठी शिकवू लागले आणि एका विषयात कायमचे अडकले. तो विषय म्हणजे महानुभाव पंथाचं जुनं साहित्य.

तेराव्या शतकात चक्रधर स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या. तेच ‘लीळाचरित्र’, मराठी गद्यातला अगदी सुरुवातीचा ग्रंथ. पण पंथाने आपल्या पोथ्या पुढे सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवल्या. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे सकळ लिपी. यात एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर किंवा खूण येते. भाषा आपलीच मराठी, पण किल्ली नसेल तर एक ओळ लागायची नाही. बाहेरच्या वाचकांसाठी हे साहित्य कित्येक शतकं बंदच होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि दार उघडलं.

मग कोलत्यांना काम काय उरलं? हाच प्रश्न मलाही पडला होता. उत्तर मिळालं ते कापसाच्या वजनात.

सहा बाइटचा घोळ

ओळखीच्या एका काकांकडे जुन्या कॉम्प्युटरवर कापसाच्या वजनाच्या नोंदी होत्या. प्रोग्रॅम सी भाषेतला. तो लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, सोर्स कोड नाही आणि मशीन शेवटचे दिवस मोजत होतं. काकांना एवढं माहीत होतं की प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी आहेत: प्रत (१ बाइट), वजन (४ बाइट) आणि गाडीचा प्रकार (१ बाइट). एकूण ६ बाइट. मी सहा-सहा बाइट वाचणारी स्क्रिप्ट लिहिली. वजनं आली कुठे अब्जावधी किलो, तर कुठे चक्क उणे!

म्हणजे किल्ली माझ्या हातात होती, तरी पोथी लागत नव्हती.

पाहोल काय दाखवतं?

सी प्रोग्रॅम बनवताना डिबगचा पर्याय चालू ठेवला, तर फाइलमध्ये मशीनच्या सूचनांसोबत आणखी एक माहिती साठवली जाते: कोणत्या रचनेत कोणते घटक आहेत, त्यांची नावं काय, प्रत्येकाचा प्रकार कोणता, तो कितव्या बाइटवर सुरू होतो. ही माहिती ‘ड्वॉर्फ’ नावाच्या स्वरूपात असते. पाहोल ती वाचतं आणि आपल्याला समजेल अशी मांडून दाखवतं. ब्राझीलच्या आर्नाल्दो कार्व्हाल्यो दे मेलो यांनी ते लिहिलं. नाव आलंय ‘पोक अ होल’वरून, पण आपल्या कानाला ते ‘पाहा, होल’ असंच लागतं. आणि काम पण तेच!

नशिबाने त्या जुन्या प्रोग्रॅममधली डिबगची माहिती कुणी काढून टाकली नव्हती. पाहोल चालवलं आणि घोळ समोर आला. प्रत १ बाइट, त्यापुढे ३ बाइटची रिकामी जागा, मग वजनाचे ४ बाइट, गाडीचा १ बाइट आणि शेवटी पुन्हा ३ रिकामे. नोंद ६ बाइटची नव्हतीच, १२ बाइटची होती. चार बाइटचा आकडा चारच्या पटीतल्या जागेवर ठेवला की प्रोसेसरला सोपं जातं, म्हणून कंपायलर अशी भोकं सोडतो. (वजन आधी लिहिलं असतं, तर तीच नोंद ८ बाइटमध्ये बसली असती.)

तरी मी लगेच खूश झालो नाही. काकांकडच्या जुन्या काटापावत्या काढल्या आणि वीसेक नोंदी ताडून पाहिल्या. जुळल्या, तेव्हाच फाइल बंद केली.

किल्लीनंतरचं काम

कोलत्यांनी आयुष्यभर हेच ताडून पाहण्याचं काम केलं. परंपरा सांगते की लीळाचरित्राची मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. त्यामुळे एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ. कुठे ओळ कमी, कुठे जास्त. लिपी उलगडली तरी यातलं मूळ कोणतं, हे किल्ली सांगत नाही. त्यासाठी एकेक हस्तलिखित मिळवायचं, शेजारी-शेजारी ठेवायचं आणि फरक नोंदवायचा.

१९३५ मध्ये त्यांचं भास्करभट्ट बोरीकरांवरचं पुस्तक आलं, १९४५ मध्ये ‘महानुभाव तत्त्वज्ञान’. १९६६ ते १९७२ ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६७ मध्ये भोपाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण ज्या लीळाचरित्रासाठी आज त्यांचं नाव घेतलं जातं, ते त्यांनी संपादित करून १९७८ मध्ये दिलं. वय तेव्हा सत्तर! १९९१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ८ एप्रिल १९९८ रोजी ते गेले.

तुमच्यासाठी काय?

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नलच आहे. कर्नलची पूर्ण ड्वॉर्फ माहिती फार जागा खाते, म्हणून तिचं ‘बीटीएफ’ नावाचं छोटं रूप वापरतात. लिनक्सच्या जगात ड्वॉर्फवरून बीटीएफ बनवण्याचं काम पाहोलनेच सुरू केलं.

तुम्ही कोडिंग शिकत असाल तर एक सवय लावा. लोकांना द्यायच्या फाइलमधून डिबगची माहिती काढा, हरकत नाही. फाइल लहान होते. पण काढण्याआधी एक पूर्ण प्रत जपून ठेवा. उद्या ॲप बंद पडलं, तर चूक कुठे झाली हे त्या प्रतीवरूनच शोधता येईल.

काकांच्या बाबतीत कुणीतरी ती माहिती काढायची विसरलं होतं, म्हणून नोंदी वाचल्या. दरवेळी असं नशीब साथ देईलच असं नाही. आता कॉलेजच्या पाटीवर कोलत्यांचं नाव दिसलं की मला त्या काटापावत्या आठवतात.