आनंदीबाई आणि त्यांची अमेरिकेतली मावशी



डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत एवढे उत्तर लिहिले की गुण मिळतात. पण या एका ओळीच्या मागे एक मैत्री आहे. एका बाजूला पंधरा वर्षांची मराठी मुलगी, दुसऱ्या बाजूला साता समुद्रापलीकडची मुलाबाळांची गृहिणी. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेही नव्हते. तीच गोष्ट आज आपल्यासमोर ठेवावीशी वाटते.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. आईचा स्वभाव फार कडक होता. वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली. पती गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला होते. ते विधुर होते आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता. त्या काळात हे मोठे धाडस होते यात शंका नाही. पण अभ्यासासाठी ते तिला मारतही असत, हेही खरे आहे. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्यांना या माराची स्पष्ट आठवण करून दिली होती. म्हणजे आधी आईचा धाक, मग पतीचा. तिला स्वतःला काय वाटते, हे विचारणारे जवळ कोणी नव्हते.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. वैद्यकीय मदत न मिळाल्यामुळे तो दहा दिवसांतच गेला. आपल्या देशात स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, ही गोष्ट या दुःखातून तिच्या मनात पक्की झाली.

पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनरी गृहस्थांकडे केली होती. धर्मांतर केल्यास मदत करू, असा त्यांचा सूर होता. जोशी दांपत्याला हे मान्य नव्हते. मात्र हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो अंक दाताच्या डॉक्टरकडे आपल्या पाळीची वाट पाहत असताना सहज चाळला. त्या मुलीची शिकण्याची इच्छा त्यांच्या मनाला लागून राहिली आणि घरी येऊन त्यांनी पत्र लिहिले.

1880 पासून दोघींची पत्रे सुरू झाली. ती जहाजाने जात, उत्तरासाठी कितीतरी आठवडे थांबावे लागे. आनंदी त्यांना मावशी मानू लागली. धर्म, चालीरीती, बालविवाह, स्त्रियांची स्थिती अशा विषयांवर ती मोकळेपणाने लिही आणि आपल्या लोकांची बाजू ठामपणे मांडी. मावशी प्रश्न विचारीत आणि आलेले उत्तर मान देऊन वाचीत. पुढे कलकत्त्याला आनंदीची प्रकृती ढासळू लागली, तेव्हा मावशीने अमेरिकेतून औषधेही पाठवली. घरात ज्या मुलीला फक्त ऐकून घ्यायची सवय होती, तिला आपले म्हणणे सांगण्याची सवय या पत्रांनी लागली.

त्याचा प्रत्यय फेब्रुवारी 1883 मध्ये आला. बंगालमधील श्रीरामपूर येथे, अठरा वर्षेही पूर्ण झाली नसताना, आनंदीबाईंनी भर सभेत इंग्रजीत भाषण केले. रस्त्याने शाळेत जाताना लोक कसे टोमणे मारीत, हे त्यांनी सांगितले. मी का जाते, एकटी का जाते, धर्म सोडणार का, या सर्व शंकांना त्यांनी उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांनी निक्षून सांगितले. या निश्चयाचा परिणाम होऊन मदतही येऊ लागली.

7 एप्रिल 1883 रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. पती सोबत नव्हते. बंदरावर मावशी घ्यायला आली होती. पत्रांतली मावशी त्या दिवशी प्रथमच दिसली! तो उन्हाळा त्यांनी रोझेलच्या घरी काढला. साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि मावशीच्या घराने त्याचा मान राखला.

त्यानंतर त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. थंडी, परका आहार आणि अभ्यासाचा ताण यांनी शरीर पोखरले. क्षयरोग जडला. तरीही 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या. या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळरावही तोपर्यंत अमेरिकेत पोहोचले होते. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांना देऊ केले.

पण ते काम त्यांना कधीच हाती घेता आले नाही. 1886 च्या अखेरीस त्या परतल्या त्या आजारी होऊनच. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला मावशीकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, मावशीच्या माहेरच्या माणसांच्या दफनभूमीत, त्यांच्या नावाचा दगड आजही उभा आहे. नात्याने कोणी नसलेल्या मुलीला त्या घराने आपल्यात जागा दिली.

विद्यार्थ्यांनो, आनंदीबाई एकाही रुग्णालयाचा कारभार पाहू शकल्या नाहीत. तरी दबून राहणारी एक मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहिली, हे काही कमी नाही. पतीने त्यांना शिकवले, पण त्यांचे ऐकून घेतले ते मावशीने. तुमच्याही मनात काही असेल तर आजी, काका, शेजारच्या आजोबा किंवा एखाद्या शिक्षिकेजवळ बोला. वय आड येत नाही. आणि पालकांना व माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे की मूल बोलू लागले की उपदेश थोडा मागे ठेवावा आणि आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे.