दोष रुग्णांचा नव्हता: डॉ. फ्रान्झ फॅनन

अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे विचारवंत म्हणून डॉ. फ्रान्झ फॅनन यांचं नाव जगभर घेतलं जातं. पण पेशाने ते मनोविकारतज्ज्ञ होते. स्वतः मुस्लिम नसूनही मुस्लिम मनोरुग्णांसाठी त्यांनी जे केलं, ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म २० जुलै १९२५ रोजी मार्टिनिक या कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटावर, कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्सच्या बाजूने लढले, जखमी झाले, पदकही मिळालं. पण काळ्या सैनिकाची किंमत काय, हेही त्याच सैन्यात कळलं.

पुढे ल्याँ शहरात ते डॉक्टर झाले. तिथे उत्तर आफ्रिकेतून आलेले गरीब कामगार दवाखान्यात यायचे. सगळं अंग दुखतं म्हणायचे, पण नेमकं कुठे ते फ्रेंचमध्ये सांगता यायचं नाही. डॉक्टर त्यांना कामचुकार, ढोंगी ठरवून वाटेला लावायचे. १९५२ मध्ये फॅनन यांनी यावर लेख लिहिला. घरदार दूर, रोजचा अपमान, असं जगणाऱ्याचं दुखणं खरं आहे; तपासणाऱ्याची नजरच आधीपासून गढूळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९५३ च्या नोव्हेंबरमध्ये ते अल्जीरियातल्या ब्लिदा मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे युरोपीय आणि मुस्लिम रुग्णांचे वॉर्ड वेगळे होते. आंत्वान पोरो आणि त्यांचे शिष्य यांचा त्या काळी मोठा दबदबा. अल्जीरियन मुस्लिम जन्मतःच खोटारडा, भडक डोक्याचा आणि बालबुद्धीचा असतो, हे ते चक्क शास्त्र म्हणून शिकवत. मग अशा माणसावर मेहनत कोण घेणार?

फॅनन यांच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुस्लिम पुरुष होते. त्यांनी सभा, गाणी, सिनेमा, वर्तमानपत्र, हस्तकला सुरू केली. स्त्रियांमध्ये लवकरच फरक दिसला. पुरुष मात्र गप्पच. यांचं डोकंच तसलं, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. फॅनन आणि त्यांचे सहकारी जाक अझुले यांनी चूक आपल्या पद्धतीत शोधली. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, त्यांना वर्तमानपत्र काय कामाचं? विणकाम म्हणजे त्यांच्या लेखी बायकांचं काम. फॅनन यांना अरबी येत नव्हती, दुभाषा लागायचा. आणि दुभाषा समोर आला की रुग्णाला सरकारी कचेरी आणि कोर्ट आठवायचं.

मग रुग्णालयातच अरबी धाटणीचं कॉफीघर उघडलं. मुस्लिम सण नेमाने साजरे होऊ लागले. किस्से सांगणारा कथेकरी यायला लागला. रुग्णांच्या हाती कुदळ-फावडं दिलं. हळूहळू माणसं मोकळी होऊ लागली.

१९५४ मध्ये लढा पेटला. पोलिसांच्या छळाने खचलेले कैदी आणि छळ करून झोप उडालेले पोलीस, दोघंही त्यांच्याकडे येत. ज्या राजवटीमुळे माणसं आजारी पडतात तिचीच नोकरी करायची, हे त्यांना पटेना. १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्यांना हद्दपार करण्यात आलं. ट्युनिसमध्ये त्यांनी रुग्णांना संध्याकाळी घरी जाता येईल असा दिवसाचा उपचार विभाग चालवला. ६ डिसेंबर १९६१ रोजी रक्ताच्या कर्करोगाने अमेरिकेत त्यांचं निधन झालं. वय अवघं ३६. त्यांना अल्जीरियाच्या मातीत दफन केलं गेलं. पुढच्याच वर्षी तो देश स्वतंत्र झाला. ब्लिदाच्या रुग्णालयाला आज त्यांचंच नाव आहे.

आपल्या घरातही कुणी घबराहट होते, दिल बैठता है, असं म्हणतं, आणि आपण ते नाटक किंवा नजर लागली म्हणून सोडून देतो. त्या माणसाला डॉक्टरकडे न्या, आणि त्याची भाषा समजणारं कुणीतरी सोबत ठेवा. धर्म, जात, वर्ग यांचा भेद न करता मानसिक उपचार मिळणं हा आपल्या देशात २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. तो मागायला लाजू नका.