इंजिनाच्या ठोक्याचे कारण शोधणारे सर हॅरी रिकार्डो

दिल्ली आणि परिसरात जुन्या मोटारी जपण्याची हौस नवी नाही. १९६४ मध्ये राजधानीत सुरू झालेल्या स्टेट्समन व्हिंटेज कार रॅलीने ती सर्वसामान्यांसमोर आणली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनालाच व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. साहजिकच, नवे इंजिन बसवण्यापेक्षा जुनेच उघडून नीट करण्याला महत्त्व आले. मात्र अशा इंजिनाची शक्ती किती वाढवता येते आणि ती कुठे अडते, याचा शास्त्रीय शोध ज्यांनी घेतला, त्यांत ब्रिटिश अभियंते सर हॅरी रिकार्डो यांचे नाव अग्रभागी आहे.

रिकार्डो यांचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील हॅल्सी रिकार्डो हे वास्तुविशारद होते. हावडा रेल्वे स्थानकाच्या इमारतीचा आराखडा त्यांचाच. आजोबा सर अलेक्झांडर रेंडेल यांचा भारतीय रेल्वेशी सल्लागार अभियंता म्हणून दीर्घकाळ संबंध होता. आजोबांनी १८९८ मध्ये मोटार घेतली आणि नातवाला यंत्रांचे वेड लागले.

केंब्रिज विद्यापीठात शिकत असताना १९०४ मध्ये एक स्पर्धा झाली. सुमारे सव्वा लिटरहूनही कमी पेट्रोलमध्ये सर्वाधिक अंतर कापायचे होते. रिकार्डो यांची मोटारसायकल सर्वांत जड होती, तरीही सुमारे ६४ किलोमीटर धावून तीच जिंकली. या यशामुळे प्राध्यापक बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी त्यांना इंजिनाच्या संशोधनाकडे वळवले.

पहिल्या महायुद्धात रणगाड्यांच्या धुरामुळे त्यांचा ठावठिकाणा शत्रूला कळत असे. रिकार्डो यांनी १९१७ मध्ये १५० अश्वशक्तीचे, कमी धूर सोडणारे इंजिन तयार केले. ते ब्रिटिश रणगाड्यांना बसवण्यात आले.

त्यांचे मोलाचे काम मात्र युद्धानंतर शोरहॅम येथील प्रयोगशाळेत झाले. सिलिंडरमध्ये मिश्रण जितके अधिक दाबावे, तितकी शक्ती अधिक मिळते. परंतु एका मर्यादेनंतर इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागतात. ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि त्याचा आघात पिस्टनवर होतो. ही मर्यादा इंधनावर अवलंबून असते, हे रिकार्डो यांनी दाब बदलता येणाऱ्या प्रायोगिक इंजिनावर दाखवून दिले. इंधनांची प्रतवारी करण्याची त्यांची पद्धत पुढील ऑक्टेन मापनाची पूर्वसूरी ठरली.

त्याच सुमारास त्यांनी साइड-व्हॉल्व्ह इंजिनासाठी नवे हेड तयार केले. या प्रकारच्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात. त्यामुळे ज्वलनकक्ष पसरट होतो आणि ज्वालेला लांबचा प्रवास करावा लागतो. रिकार्डो यांनी कक्ष व्हॉल्व्हच्या वर आणला आणि पिस्टन वर येताच हेडला जवळजवळ भिडेल, अशी रचना केली. अरुंद फटीतून मिश्रण वेगाने बाहेर फेकले जाऊन घुसळले जाऊ लागले. ज्वलन वेगाने होऊ लागले, ठोके कमी झाले आणि स्वस्त इंजिनातून अधिक शक्ती मिळू लागली. अनेक उत्पादकांनी हे तत्त्व स्वीकारले.

१९२९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९३० च्या दशकात त्यांचा कॉमेट ज्वलनकक्ष लंडनच्या डिझेल बसगाड्यांत वापरला गेला. १९४८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १८ मे १९७४ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतातील लँडमास्टर आणि सुरुवातीच्या ॲम्बॅसेडर मोटारींना साइड-व्हॉल्व्ह इंजिनच होते. अशा इंजिनाचे हेड घासून दाब वाढवता येतो. पण तो किती वाढवावा, हे घासणारे यंत्र सांगत नाही. ते ठरते कक्षाचा आकार, स्पार्कची वेळ आणि टाकीतले पेट्रोल यांवर. हा हिशेब चुकला, तर हौसेने वाढवलेली शक्तीच पिस्टनला भोक पाडते. कारागिरांच्या कानाला पूर्वीपासून ओळखीच्या असलेल्या ठोक्याचे कारण रिकार्डो यांनी शोधून काढले. जुनी मोटार आजही नीट चालवू पाहणाऱ्याला त्याचाच आधार आहे.