स्वरसाधक बाख

रात्र बरीच झाली होती. घरातील सारी माणसे गाढ झोपली होती. अशा वेळी एक लहान मुलगा हळूच अंथरुणातून उठला आणि पावलांचा आवाज होऊ न देता एका कपाटापाशी गेला. कपाटाला कुलूप होते. परंतु त्याच्या दाराच्या जाळीतून मुलाचा लहानसा हात आत जाई. आतली वही गुंडाळून त्याने ती अलगद बाहेर ओढली आणि चंद्रप्रकाशात बसून तो ती उतरवून घेऊ लागला. ती वही गोष्टींची नव्हती. नामांकित संगीतकारांच्या रचना तीत स्वरलिपीत लिहिलेल्या होत्या. मुलाजवळ दिवाही नव्हता. म्हणून त्याला चांदण्या रात्रींची वाट पाहावी लागे. सहा महिन्यांनी नक्कल पुरी झाली. पण थोरल्या भावाच्या ती दृष्टीस पडली आणि त्याने ती काढून घेतली. नक्कल गेली, तरी लिहिता लिहिता जे मनात उतरले होते, ते कोण काढून घेणार? ही हकीगत पुढे त्या मुलाच्याच मुलाने लिहून ठेवली. तो मुलगा म्हणजे जर्मनीतील थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख.

बाखचा जन्म मार्च १६८५ मध्ये आयसेनाख या गावी झाला. आपल्याकडे गायकांची घराणी असतात, तसे बाखचे कुळ हेच एक संगीताचे घराणे होते. त्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या वादक निपजले. वडील गावाचे वादक होते व व्हायोलिन उत्तम वाजवीत. परंतु सेबास्टियनला हे सुख फार दिवस लाभले नाही. १६९४ मध्ये त्याची आई वारली आणि वर्षाच्या आतच वडीलही गेले. दहावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच तो पोरका झाला. ओरड्रुफ या गावी थोरला भाऊ चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. त्याने या धाकट्या भावाला आश्रय दिला व वाद्य शिकवले. जाळीचे कपाट होते ते याच घरी.

ऑर्गन हे मोठे विलक्षण वाद्य आहे. आपली बाजाची पेटी भात्याच्या वाऱ्यावर वाजते, तसेच हेही वाऱ्यावर वाजते; पण त्याच्या शेकडो नळ्या भिंतीएवढ्या उंच रचलेल्या असतात. वादक ते हातांनी आणि पायांनीही वाजवतो. त्या काळी भाता हलवण्यासाठी वेगळी माणसे लागत. या वाद्यावर बाखने पुढे असे प्रभुत्व मिळवले की, जर्मनीत त्याच्या तोडीचा वादक क्वचितच सापडे.

पंधराव्या वर्षी बाखने भावाचे घर सोडले. ल्युनेबुर्ग येथील चर्चच्या वृंदात गाऊन त्याने आपल्या शिक्षणाची व पोटाची सोय केली. अठराव्या वर्षी त्याला आर्नश्टाट येथे ऑर्गनवादकाची नोकरी मिळाली. परंतु शिकण्याची तहान काही भागली नव्हती. दूर उत्तरेस ल्युबेक नगरात बुक्स्टेहुड नावाचा वृद्ध व थोर ऑर्गनवादक होता. त्याचे वादन ऐकण्यासाठी १७०५ साली बाखने चार आठवड्यांची रजा काढली आणि सुमारे ४०० किलोमीटरची वाट पायी तुडवली. तेथील संगीतात तो इतका रमला की, परत येण्यास चार महिने लागले! साहजिकच वरिष्ठांनी त्याला जाब विचारला. त्याने रजेची मर्यादा मोडली, यात शंका नाही. पण जे ऐकण्यासाठी तो गेला होता, ते त्याच्या बोटांत कायमचे वसले.

पुढे वायमार येथे एका सरदाराच्या पदरी तो राहिला. १७१७ मध्ये त्याने दुसरीकडे जाण्याची परवानगी मागितली. ती फार हट्टाने मागितली म्हणून धन्याने त्याला जवळजवळ महिनाभर तुरुंगात डांबले. सुटका झाल्यावर तो कोथेनच्या संगीतप्रेमी राजाकडे गेला. वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या त्याच्या सहा प्रसिद्ध रचना, ‘ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो’, याच काळातील आहेत. येथेच त्याच्यावर मोठे दुःख कोसळले. १७२० साली राजाबरोबर तो परगावी गेला होता. परतला तेव्हा त्याची पत्नी मरण पावून तिचे दफनही झाले होते. पुढच्या वर्षी त्याने आना माग्डालेना या गायिकेशी विवाह केला. तिने त्याच्या संसारालाच नव्हे, तर त्याच्या लेखनालाही हातभार लावला.

बाखची थोरवी कशात होती? आपल्या संगीतात तंबोऱ्याच्या साथीवर एकच स्वरावली खुलत जाते. भजनात बुवा एक ओळ म्हणतात आणि ती संपल्यावर टाळकरी तीच उचलतात. आता अशी कल्पना करा की, बुवांची ओळ संपताच टाळकऱ्यांनी ती उचलली, पण बुवा न थांबता त्याच वेळी दुसरीच ओळ गात राहिले. मग तिसरा गट, मग चौथा तीच पहिली ओळ घेऊन आत शिरला. आणि इतके असूनही कोठे गोंधळ न होता सारे सूर एकमेकांत गुंफले गेले! अशा रचनेला ‘फ्यूग’ म्हणतात. या गुंफणीत बाखचा हात धरणारा कोणी नव्हता.

आपले गायक आपली पट्टी सांगताना काळी एक, पांढरी चार असे म्हणतात. पेटीच्या बारा स्वरांपैकी कोणताही स्वर षड्ज मानला, तरी वाद्य सुरेल वाजले पाहिजे. तशी जुळवणी त्या काळी सर्वत्र रूढ नव्हती. वाद्य नीट जुळवले तर बाराही पट्ट्यांत वाजवता येते, हे दाखवण्यासाठी बाखने १७२२ मध्ये एक पुस्तक सिद्ध केले. प्रत्येक पट्टीत दोन, अशा त्यात २४ जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत एक छोटी प्रस्तावना व एक फ्यूग आहे. पियानो शिकणारे विद्यार्थी आजही त्याचा अभ्यास करतात.

१६०० ते १७५० या दीडशे वर्षांतील युरोपीय संगीताला ‘बरोक’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत वेड्यावाकड्या मोत्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले असे मानतात. ‘चार ऋतू’ या व्हायोलिनरचना करणारा इटलीचा विवाल्डी याच युगातला. त्याच्या अनेक रचना बाखने अभ्यासासाठी आपल्या वाद्यावर उतरवल्या. ‘मसीहा’ हे वृंदगान रचणारा हेंडेल तर बाखच्याच वर्षी जर्मनीत जन्मला. परंतु त्या दोघांची भेट कधीच झाली नाही. त्या वेळी भिवंडीच्या पश्चिमेस वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा बाख ५४ वर्षांचा होता. वसईच्या त्या मोहिमेतून आलेल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील काही देवळांत अजून टांगलेल्या आहेत.

१७२३ पासून अखेरपर्यंत बाख लाइपझिग नगरात होता. त्या जागेसाठी नगरसभेची पहिली पसंती त्याला नव्हती. दुसरे संगीतकार मिळेनात, तेव्हा त्याची निवड झाली. काम कष्टाचे होते. शाळेतील मुलांना गाणे शिकवायचे आणि रविवारच्या प्रार्थनेसाठी गीतरचना सादर करायची. पहिली काही वर्षे तर बहुतेक दर आठवड्याला त्याने नवी रचना केली. रचना लिहून झाली की पत्नी, मुले व शिष्य टेबलाभोवती बसत आणि प्रत्येक गायकाचा व वादकाचा भाग वेगळा उतरवून काढीत. शाई वाळते न वाळते तोच गायनाची वेळ येई! अशा सुमारे २०० रचना आज उपलब्ध आहेत. दोन वृंदांसाठी रचलेले ‘मॅथ्यू पॅशन’ हे भव्य वृंदगान १७२७ मध्ये येथेच प्रथम गायिले गेले. बाखला एकंदर वीस मुले झाली. त्यांतील दहा लहानपणीच दगावली. अशा दुःखातही त्याची लेखणी थांबली नाही. आपल्याकडील पोथ्यांच्या शेवटी लेखक ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ असे लिहीत. बाखही आपल्या अनेक रचनांखाली तीन अक्षरे लिही. सर्व श्रेय एका ईश्वराचे, असा त्यांचा अर्थ होता.

उतारवयात बाखची दृष्टी मंदावली. १७५० मध्ये डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली. पण गुण येण्याऐवजी दृष्टी गेली आणि प्रकृतीही ढासळली. २८ जुलै १७५० रोजी त्याने देह ठेवला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. आना माग्डालेनाची अखेरची वर्षे दारिद्र्यात गेली. लोकांची रुची पालटली होती; बाखच्या मोठ्या रचनांचा बहुतेकांना विसर पडला.

परंतु त्याच्या मुलांनी व शिष्यांनी केलेल्या नकला शिल्लक होत्या. हातोहात फिरणाऱ्या अशाच नकलांवरून बेथोव्हेन लहानपणी बाखच्या रचना शिकला. पुढे मेंडेल्सझोन या तरुणाला त्याच्या आजीने ‘मॅथ्यू पॅशन’ची एक नक्कल भेट दिली. ११ मार्च १८२९ रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी, त्याने बर्लिनमध्ये ती रचना पुन्हा उभी केली. श्रोते भारावून गेले आणि बाखचे नाव नव्याने जगापुढे आले.

आपल्याकडे गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात गाणे उतरते; बाखचे गाणे कागदावरून कागदावर उतरत जिवंत राहिले. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात पाठवली. त्यांवर पृथ्वीवरील निवडक संगीताची सोनेरी तबकडी आहे. तीत बाखचे संगीत तीनदा आले आहे. आणि त्याच तबकडीवर गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. दोन्ही याने आता सूर्यमालेतील ग्रहांच्या फार पलीकडे गेली आहेत. चांदण्यात बसून दुसऱ्यांचे सूर उतरवून घेणाऱ्या त्या पोरक्या मुलाचे सूर आज ताऱ्यांच्या वाटेवर आहेत.