आल्बेर क्लोद आणि पेशीतील जाळी

बेल्जियममधील एका खेड्यात वाढलेले आल्बेर क्लोद सात वर्षांचे असताना त्यांची आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. पुढे शाळा अर्धवट सुटली आणि ते पोलादाच्या कारखान्यात कामाला लागले. पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी स्वेच्छेने काम केले. युद्धात भाग घेतलेल्यांना शालान्त प्रमाणपत्राविना विद्यापीठात प्रवेश देण्याची सवलत मिळाली, म्हणूनच १९२८ मध्ये ते लिएज विद्यापीठातून डॉक्टर होऊ शकले.

१९२९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले. कोंबड्यांना कर्करोग जडवणारा घटक वेगळा काढणे, हे त्यांचे काम. गाठीतील पेशी वाटून ते सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवत. दुधातून साय वेगळी करणारे यंत्रही याच तत्त्वावर चालते. जड घटक आधी तळाशी बसतात, हलके मागाहून. अशा रीतीने सूक्ष्म कण हाती आले. मात्र पडताळणीसाठी निरोगी पेशी घेतल्या, तर त्यांतही तसेच कण! क्लोद यांनी ते टाकून दिले नाहीत, त्यांचाच अभ्यास सुरू केला.

१९४५ मध्ये कीथ पोर्टर आणि अर्नेस्ट फुलम यांच्यासह त्यांनी अखंड पेशीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेले पहिले छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात नाजूक जाळी दिसली. तिलाच पुढे आंतर्द्रव्यजालिका हे नाव मिळाले. क्लोद यांना सापडलेले कण मुख्यतः या जाळीचे तुकडे होते. १९७४ मध्ये जॉर्ज पॅलेड आणि क्रिस्तियान द दुव यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले.

पेशीतील चरबीचे साठे, म्हणजे मेदबिंदू, याच जालिकेच्या पटलातील दोन थरांमध्ये तयार होतात, हे आता ठाऊक झाले आहे. त्यांचे काम चालवणारी प्रथिने दोन वाटांनी तेथे पोहोचतात. काही जालिकेच्या पटलावरून सरकत मेदबिंदूवर जातात, तर काही पेशीद्रवात तयार होऊन थेट त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. जालिका आणि मेदबिंदू यांच्या जोडावर सेइपिन नावाचे प्रथिन असते. जनुकीय दोषामुळे ते बिघडले, तर बाळाच्या अंगावर जन्मापासूनच चरबी जवळजवळ नसते. साठवणीची जागाच नसल्याने चरबी यकृतात साचते आणि पुढे मधुमेह जडतो. या आजाराचे मूळ आज शोधले जाते, ते क्लोद यांनी टाकून न दिलेल्या त्या जाळीत.