कोल्हापूरचा मिस्त्री

सिनेमा काढायचाय पण कॅमेराच नाही, तर आपण काय करू? कुणाकडून मागून आणू, नाहीतर आयडियाच सोडून देऊ. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी कॅमेराच बनवला!

त्यांचं मूळ आडनाव मिस्त्री, जन्म ३ जून १८९० चा. चित्रकला, शिल्पकला ते स्वतःच शिकले. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांना आणि भाऊ आनंदरावांना ‘पेंटर’ हेच नाव पडलं. १९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेऱ्याची खटपट चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. शिष्य दामले यांना हाताशी धरून त्यांनी १९१८ च्या सुमारास कॅमेरा पूर्ण केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पुण्यात लागला. कीचकवध इतका खरा वाटला, की तो सीन कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. सिनेमाची पोस्टर्ससुद्धा ते स्वतःच रंगवायचे.

पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो १९२५ चा ‘सावकारी पाश’. सगळीकडे देवादिकांचे सिनेमे चालत असताना त्यांनी कर्जापायी जमीन गमावून शहरात मजूर झालेला शेतकरी पडद्यावर आणला. ही गोष्ट आपल्या विदर्भात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्यातला तरुण शेतकरी होता व्ही. शांताराम.

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल वगैरे शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. बाबूरावांची कंपनी पुढे फार टिकली नाही. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज बघायलाही मिळत नाहीत.

मग उरलं काय? उरली ती त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसला गाजला, त्याचं मूळ कोल्हापूरच्या त्या कारखान्यातच आहे.

आपण तर फायनल इयरचा प्रोजेक्टही रेडिमेड घेतो. निदान एकदा तरी तो खोलून बघूया, आत काय आहे ते!