विश्लेषण : साध्या ‘पेटी’ला मैफलीत मान मिळवून देणारे गोविंदराव टेंबे कोण होते?

केज तालुक्यात कुठल्याही गावात हरिनाम सप्ताह बसला की मंडपात टाळ-पखवाजाबरोबर पेटी येतेच. भजनी मंडळाची ती पहिली खरेदी असते. पण हीच पेटी एकेकाळी आकाशवाणीवर चक्क बंद होती, आणि महाराष्ट्रातला तिचा सर्वात मोठा वादक त्या वेळी हयात होता. त्याचे नाव गोविंद सदाशिव टेंबे.

पेटीवर आक्षेप काय होता?

हार्मोनियम मूळची युरोपातली. पॅरिसमध्ये 1840 च्या सुमारास ती तयार झाली. पुढे कोलकात्यात तिला हाताचा भाता बसला आणि जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल अशी ती झाली. अडचण तिच्या पोटातच आहे. आतल्या पितळी रीडचे सूर कारखान्यात एकदा लावले की ते कायमचे. आपले गाणे मात्र दोन स्वरांच्या मधूनही चालते. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे म्हणजे मींड. पेटीवर ती निघत नाही. दरबारी कानड्यातला कोमल गंधार खाली उतरून डोलतो, पेटीचा गंधार जागचा हलत नाही. हा दोष खरा आहे आणि पेटीवर कितीही प्रेम असले तरी तो नाकारता येत नाही.

मग गोविंदरावांनी काय केले?

त्यांचा जन्म 5 जून 1881 चा, वाढले कोल्हापुरात. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे तेव्हाच्या कोल्हापुरात मोठमोठे गवई होते. अल्लादियाखाँ तर दरबारचेच गायक. देवल क्लबात गाण्याची ऊठबस असे आणि गोविंदरावांना संगीताची गोडी तिथेच लागली. पेटी ते बहुतेक स्वतःच शिकले. पुढे भास्करबुवा बखले यांचा सहवास लाभला आणि बुवांच्या साथीला ते बसू लागले.

बुवांनी तीन घराण्यांची तालीम घेतली होती. त्यांची साथ म्हणजे रोजची परीक्षाच. साथीदाराने गवयाच्या मागे सावलीसारखे जायचे, तान कुठे वळणार हे क्षणभर आधी ओळखायचे, पण पुढे पळायचे नाही. हे करताना बुवांची गायकी गोविंदरावांच्या बोटांत उतरली. अल्लादियाखाँची समोर बसून तालीम त्यांना मिळाली नव्हती, ती गायकीही त्यांच्यापर्यंत बुवांमार्फतच आली. मींड निघत नसेल तर स्वरांची जोडणी आणि भात्याचा दाब यांतून तिचा भास निर्माण करायचा, हा पेटीवाल्याचा मार्ग. त्या मार्गाने गोविंदराव इतके पुढे गेले की लोक केवळ त्यांची पेटी ऐकायला बसू लागले.

‘मानापमान’ने काय बदलले?

1911 मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर मंडळीने रंगमंचावर आणले. तोवर नाटकातल्या पदांच्या चाली बहुधा नाटककारच ठरवत. इथे ते काम गोविंदरावांकडे आले. त्यांनी उत्तरेकडच्या ठुमरीचा पूरब ढंग मराठी पदांत आणला. बालगंधर्वांच्या गळ्यातून ती पदे गावोगाव पोहोचली. शास्त्रीय मैफलीची पायरी कधी न चढलेला माणूसही रागदारी गुणगुणू लागला तो अशा नाटकांमुळे. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन जो गाजलेला संयुक्त प्रयोग केला, तोही याच नाटकाचा.

पुढची वाट सरळ नव्हती. 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गोविंदरावांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. थोड्याच वर्षांत ते तिथून बाहेर पडले आणि स्वतःची शिवराज मंडळी उभी केली. चाली लावल्या, नाटके लिहिली, भूमिकाही केल्या. एकाच कामात न टिकणारा हा स्वभाव त्यांच्या वादनाला महाग पडला असे मला वाटते. मराठी गाण्याचा मात्र त्यात फायदाच झाला.

चित्रपटात कसे आले?

1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गा खोटे आणि हरिश्चंद्र गोविंदराव. संगीतही त्यांचेच. पार्श्वगायन अजून आले नव्हते, म्हणून नटानेच कॅमेऱ्यासमोर गायचे. पन्नाशी ओलांडलेले गोविंदराव तेही करून गेले. 1939 मध्ये ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचे पुस्तक निघाले. अल्लादियाखाँचे चरित्रही त्यांनी लिहिले.

आणि बंदी?

1 मार्च 1940 पासून आकाशवाणीने हार्मोनियम बंद केली. कारण तेच: ठरीव सूर, मींड नाही, शिवाय वाद्य परदेशी. रवींद्रनाथ टागोरांचाही तिला विरोध होता. सारंगीवाल्यांना यातून थोडा दिलासा मिळाला असेल, पण हजारो पेटीवाल्यांना रेडिओचे दार बंद झाले. गावातल्या भजनात मात्र ती वाजतच राहिली.

गोविंदराव 9 ऑक्टोबर 1955 रोजी गेले, तेव्हाही बंदी कायम होती. ती सैल झाली 1970 नंतर, आणि तीही सुरुवातीला मुख्यतः साथीपुरतीच.